उशिरा जन्मणारं जुळं

शरणप्पा सर कुणाच्याही बारशाला गेले की पाळण्यातल्या बाळाकडे आधी बघायचे नाहीत. आधी नाव विचारायचे. बाळाला त्याच्या वारलेल्या आजोबांचं नाव ठेवलेलं असलं की सरांचा चेहरा खुलायचा. मग ते बाळाच्या बापाला हळूच बाजूला घ्यायचे.

"ह्यो तुमचा अप्पाच परत आलाय म्हणायलाव. व्हय का न्हाई?"

बाप बिचारा पाहुण्यांच्या गडबडीत. तो म्हणायचा, "व्हय सर, अप्पाच म्हणायचं."

"मग उद्या खराखुरा अप्पा आला, तेच कपाळ, तेच कान, तेच नाक घेऊन, तर घरात घेताव का?"

"घेणार की सर."

"मग माणसाच्या क्लोनिंगला लोक कामून न्हाई म्हणायलेत?"

इथवर आलं की त्या बापाला कुणीतरी हाक मारायचं. नाही मारली तर तो स्वतःच "आलो आलो" म्हणत निघून जायचा. सर हातात पेढा धरून उभे राहायचे आणि पुढचं गिऱ्हाईक शोधायचे. ते गिऱ्हाईक बहुतेक वेळा मी असायचो.

आमच्या कर्नाटकातल्या बसवकल्याण भागात वारलेल्या आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, हे काही नवल नाही. नवल पुढं आहे. सुनेनं सासऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नसतं. त्यामुळे स्वतःच्या पोटच्या पोरालाही ती नावानं हाक मारत नाही, 'अप्पा' म्हणते आणि अहो-जाहो करते. उघड्यानागड्या दोन वर्षांच्या पोरामागे वाटी घेऊन धावणारी आणि "अप्पा, पळू नका, एक घास खावा" असं विनवणारी बाई आमच्या गल्लीत रोज दिसते. सरांची सगळी मांडणी ह्या एका रिवाजावर उभी होती. ते म्हणायचे, "विज्ञान तिकडून यायला उशीर लागंल. मन हितं कवाच तयार हाय."

सर विज्ञान शिकवायचे, मी मराठी. एकाच हायस्कुलात आमची उमर गेली आणि घरंही समोरासमोर होती. लोक मला विचारायचे, "माने सर, तुम्हाला पटतं का हो हे?" खरं सांगायचं तर मी त्यांच्या बाजूचा नव्हतो आणि विरोधातलाही नव्हतो. मी नुसता दमलेलो असायचो. आठ तास ओरडून घसा बसल्यावर घरी यावं, पाय धुवावेत, तर समोरच्या ओट्यावरून हाक यायची, "माने, जरा या हिकडं, एक नवा मुद्दा सुचलाय." नवा मुद्दा जुनाच असायचा. मी जायचो. न जाऊन करणार काय? माणूस इतका प्रेमळ होता की त्याला टाळणंही एक कामच होऊन बसायचं.

त्यांची माझी पहिली भेट पेढ्यांनी झाली. मी शाळेत नुकताच रुजू झालो होतो. मधल्या सुट्टीत एक उंच, काटकुळा माणूस कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढून स्टाफरूममध्ये आला आणि एकेकाच्या हातावर पेढा ठेवत सुटला. सगळे एकदम उठले. हेडमास्तरांनी तर त्यांना मिठीच मारली. "सर, अभिनंदन! बसवण्णानं ऐकलं शेवटी. काय झालं, मुलगा का मुलगी?"

"मेंढी," सर म्हणाले.

विलायतेत एका मेंढीच्या अंगातल्या पेशीपासून हुबेहूब तशीच दुसरी मेंढी जन्माला घातली, ही बातमी त्या दिवशी सोलापूरहून येणाऱ्या पेपरात होती. सर ती घडी खिशातून काढून वाचायला लागले. कुणी हसलं नाही. पेढे तोंडात तसेच राहिले. हेडमास्तर खाली बघत म्हणाले, "वा, वा, चांगलं झालं." लग्नाला इतकी वर्षं होऊनही सरांना मूल नव्हतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. घंटा झाल्यावर एका सहकाऱ्यानं जिन्यात सांगितलं. त्या संध्याकाळी मी होऊन त्यांच्या घरी गेलो आणि तिथून पुढे माझी सुटका झाली नाही.

सरांचं मूळ गाव मंठाळ. तिथं थोडी जमीन, त्यात ऊस. वडील गेले तेव्हा घरात एकच घोर होता की त्यांचं नाव कोण चालवणार. सर एकुलते. बायको, महानंदाअक्का, आळंद तालुक्यातल्या खजुरीच्या. वडिलांच्या पुण्यस्मरणाला सगळी भावकी जमली. जंगमस्वामींची पूजा झाली, पंगत बसली. तेव्हा सरांच्या आईनं, म्हणजे अव्वानं, सगळ्यांदेखत विषय काढला. मूल होत नाही, तर दुसरी करावी. बाहेरची कशाला, अक्काचीच धाकटी बहीण सुमन आहे, दोघी बहिणी गुण्यागोविंदानं नांदतील. चुलते, मामा सगळ्यांनी माना डोलावल्या. पानावर पोळी पडलेली होती. सर उठून उभे राहिले.

"हिच्यात काय बी दोष न्हाई," ते म्हणाले. "मी सोलापूरला जाऊन तपासून आलोय. बीज माझ्यात न्हाई. दुसरी केलाव, तिसरी केलाव, तरी पाळणा हालणार न्हाई. आता जेवा."

आमच्याकडे पुरुष असलं काही एकांतात डॉक्टरसमोरही धड बोलत नाही. पंगतीत तर सोडाच. एक चुलते पुटपुटले की कागदावर काय बी येतंय. अव्वा पदर तोंडाला लावून आत गेली. पुढं कितीतरी दिवस मंठाळच्या पारावर सरांची टवाळी चालली, पाठीमागं नावं पडली. सरांनी ती ऐकली आणि अंगाला लावून घेतली नाहीत. अक्का मला एकदा म्हणाल्या, "मी आत पोळ्या लाटायलेते. आयकलं, आन् लाटतच राहिले. हात थांबला असता तर मी खालीच बसले असते." त्या दिवसापासून त्यांनी नवऱ्याचं पुढचं सगळं सोसलं, ते ह्या एका वाक्याच्या पुण्याईवर, असं मला वाटतं.

सोलापूरच्या डॉक्टरांनी दुसऱ्या कुणाचं बीज घेऊन मूल होतं, असंही सांगितलं होतं. अक्कांनी नकारार्थी मान हलवली. सरांनी पुन्हा तो विषय काढला नाही. मग ती मेंढी आली.

मेंढीच्या बातमीत सरांनी काय पाहिलं, हे मला कळायला वेळ लागला. मला वाटायचं ह्या माणसाला स्वतःसारखा आणखी एक माणूस हवाय. पण त्यांचं गणित निराळं होतं. "माने, बघा. महानंदाच्याच अंगातला एक कण, हिचंच बीजांड, हिचंच पोट. ह्यात माझी गरज कुठं लागायली? मी नुसता बाप व्हायचं." हे सांगताना ते हसायचे. ज्या गोष्टीसाठी गावानं त्यांना हिणवलं, ती गोष्टच जिथं लागत नाही अशी एक वाट निघाली होती.

त्यांचे मुद्दे मला पाठ होते. पहिला उसाचा. "ऊस कोण बी पेरून करतंय का? कांडी लावताव. त्या उसाची कांडी, त्या कांडीच्या उसाची पुन्हा कांडी. म्हंजी आज्याच्या शेतातला तोच ऊस आज तुमी खायलाव. त्याला कोण पाप म्हणलं?" ह्यावर आमचे शिपाईमामा एकदा म्हणाले, "सर, पर ऊस शेवटी गाळायलाच जातोय." सर खो खो हसले आणि तो मुद्दा महिनाभर बंद ठेवला.

दुसरा मुद्दा जुळ्यांचा. आमच्या शाळेत दोन जुळ्या बहिणी होत्या, आईलाही ओळखू येऊ नयेत अशा. एक वर्गात रडायची, दुसरी वर्गाला रडवायची. सर त्यांना बघून म्हणायचे, "निसर्गानं क्लोन कवाच केलंय. ह्या दोघी एकाच मातीच्या. तरी दोन जीव, दोन स्वभाव, दोन नशिबं. क्लोन म्हंजी काय भूत न्हाई, झेरॉक्स न्हाई. क्लोन म्हंजी उशिरा जन्मणारं जुळं." हे वाक्य मात्र मला फार आवडायचं. ते मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही, नाहीतर रात्रीचं जेवण हुकलं असतं.

एकदा ते एका मठातल्या स्वामीजींकडे गेले, मलाही घेऊन. स्वामीजी वृद्ध, शांत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "शरणप्पा, त्यात आत्मा कुठून येणार?"

"बुद्धी," स्वामींना आमच्याकडे आदरानं म्हणतात तसं सर म्हणाले, "जुळ्यातल्या दुसऱ्यात कुठून येतोय?"

स्वामीजी हसले. "बरं. मग त्या लेकराचे आई-बाप कोण म्हणायचे?"

"आजारी पडल्यावर उशाला जे बसतेत, ते," सर म्हणाले. स्वामीजींनी त्यांच्या हातावर एक केळं ठेवलं आणि डोळे मिटले. परत येताना सर खूश होते. म्हणाले, "बघितलाव? न्हाई म्हणले न्हाईत." मी म्हणालो, "सर, ते झोपले."

एक मात्र खरं, माणूस प्रामाणिक होता. कलबुर्गीचे एक डॉक्टर नात्यातल्या लग्नात भेटले, त्यांनी सरांना चांगलंच धारेवर धरलं. जनावरांत ह्या प्रयोगात किती गर्भ वाया जातात, किती पिल्लं व्यंग घेऊन जन्मतात, हे सांगितलं. "तुमच्या हौसेपायी एखादं लेकरू तसं जन्मलं तर?" सरांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "तुमचं खरं हाय. आता करू नका. जवर धोका हाय तवर कुणी करू नका. पर धोका हाय म्हणून करायचं न्हाई, हे एक. आन् पाप हाय म्हणून कवाच करायचं न्हाई, हे दुसरं. तुमी दोन्हीला एकच कुलूप लावायलाव. दार बंद ठेवा, भिंत बांधू नका." मला त्या दिवशी सरांचा अभिमान वाटला, हे कबूल करतो.

आता जे सांगायचं ते सांगताना मात्र हात जड होतो.

सुमनचं लग्न खजुरीतच झालं होतं. तिला दोन मुली झाल्या आणि मेंढीच्या बातमीनंतर दोनेक वर्षांनी तिसरीही मुलगीच झाली. सासरी तोंडं वाकडी झाली. अक्का बाळंतिणीला बघायला गेल्या तर सुमननं बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "अक्का, ही तुझी. घेऊन जा." तिच्या नवऱ्याचीही ना नव्हती. अक्का परत आल्या त्या एखाद्या नव्या नवरीसारख्या. माझ्या बायकोकडून त्यांनी जुन्या मऊ साड्या मागून नेल्या, दुपट्यांसाठी. आम्ही सगळे समजून चुकलो की आता समोरच्या घरात रडणं ऐकू येणार.

सर म्हणाले, "थांब थोडं."

त्यांना दत्तकाचं वावडं नव्हतं. जातपात, रक्त, वंश, असल्या गोष्टी ते मानत नसत. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की एका आईपासून तिचं लेकरू कशाला तोडायचं? सुमन आज सासरच्या जाचानं द्यायलीय, उद्या झुरेल. आणि आपलं तर येणारच आहे. "पेपरात रोज काहीतरी यायलंय. दोन-तीन वर्षांचा सवाल हाय. हिचंच लेकरू हिच्या मांडीवर बसंल." ह्यात खोट कुठं होती? एकही शब्द वाईट नव्हता. दुसऱ्या आईची काळजी होती, बायकोवर जीव होता. पंगतीतल्या त्या वाक्याच्या अक्का आयुष्यभर ऋणी होत्या. त्यांनी साड्या घडी करून माझ्या बायकोला परत दिल्या.

बातम्या येत राहिल्या. बैल झाला, मांजर झाली, घोडा झाला. माणूस मात्र झाला नाही. झाला म्हणून एकदोनदा बोभाटा उठला, तोही खोटाच निघाला. देशोदेशी बंदीची भाषा सुरू झाली. सर नाराज झाले आणि एका सुट्टीत स्वतः होऊन अक्कांना म्हणाले, "चल, खजुरीला जाऊ, पोरीला आणू." तोवर गौरी, म्हणजे ती तिसरी, अंगणभर दुडूदुडू धावत होती. अक्कांनी हात पुढं केला तर ती आईच्या पायाला बिलगली. सुमन रडत म्हणाली, "अक्का, आता जीव लागलाय गं." अक्कांनी तिचेच डोळे पुसले. परतीच्या बसमध्ये दोघं शेजारी बसून आली आणि आळंद सुटल्यापासून बसवकल्याण येईपर्यंत एकमेकांशी बोलली नाहीत, असं अक्का सांगायच्या. सरांनी मला कधीच सांगितलं नाही.

पुढची वर्षं सगळी सारखीच गेली. सर बोलत राहिले. बसवजयंतीला कुणीतरी त्यांना 'विज्ञान आणि समाज' ह्या विषयावर दहा मिनिटं दिली, त्यांनी उसापासून सुरुवात केली आणि माईकवाल्यानं चहाच्या निमित्तानं माईक बंद केला. लोक कंटाळले होते, मी कंटाळलो होतो. कधीकधी मला वाटायचं सरही कंटाळलेत, पण थांबायचं कसं हे त्यांना माहीत नाही. आवाज तोच, मुद्दे तेच, फक्त मधूनच वाक्य अर्धं राहायचं.

पण त्या भाषणानंतर एक वेगळंच सुरू झालं. बायका यायला लागल्या. दुपारच्या वेळी, डोक्यावरून पदर घेतलेली एखादी, बरोबर नणंद किंवा आई. कुणी मंठाळची, कुणी उमरग्याकडची. दारात चप्पल काढून उभी राहायची आणि विचारायची, "सर, ते तुमी बोलले ते... कवा येणार?" त्यांना पेशी, बीजांड काही कळलेलं नसायचं. ज्याच्यात नवऱ्याला कमी म्हणावं लागत नाही आणि आपणही वांझ ठरत नाही, असं काहीतरी आहे, एवढंच कळलेलं असायचं. सर उठून बसायचे, पाणी द्यायचे. "यायलंय, माय. विज्ञान थांबत न्हाई. थोडं थांबा." अक्का आतून चहा आणायच्या. एकदा मी बसलेलो असताना अशीच एक पोर आली होती, फार तर पंचविशीची. सर तिला थांबा म्हणाले. अक्कांनी कप ठेवला आणि तिला ओट्याच्या पायऱ्यांपाशी सोडायला गेल्या. मी ऐकलं, त्या तिला हळू आवाजात सांगत होत्या, "माझ्यासारखं थांबू नको गं बाई."

सर निवृत्त झाले, पाठोपाठ मीही झालो. एका संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. अक्का उंबऱ्याजवळ सूप घेऊन तूर पाखडत होत्या. सरांचं चालू होतं, परदेशात आता माकडांपर्यंत मजल गेली म्हणून. त्यांचं गणित मला ठाऊक होतं, पण इतक्या वर्षांत अक्कांदेखत जे कधी निघालं नव्हतं ते मी त्या दिवशी निव्वळ कंटाळ्यापोटी विचारलं, "सर, समजा उद्या सगळं बिनधोक झालं. सरकारनं परवानगी दिली. कुणाचं करायचं?"

सरांनी माझ्याकडे असं बघितलं की हा काय प्रश्न झाला. "हिचं की! दुसऱ्या कुणाचं? पहिल्यापासून हिचंच तर म्हणायलोय."

सूप थांबलं.

"माझं?" अक्का म्हणाल्या.

"तुझं. तुझ्यासारखी पोरगी. तुला लहानपणापासून बघायचं व्हतं मला."

"मला कवा विचारलाव?"

सर गोंधळले. "अगं, विचारायचं काय त्यात? तुझंच लेकरू तुला —"

"म्हंजी मीच पुन्हा." अक्कांचा आवाज चढला नव्हता. त्या दमलेल्या होत्या, एवढंच. "पुन्हा खजुरी, पुन्हा मंठाळ, पुन्हा ते समदं आयकून घ्यायचं. त्या लेकरानं काय गुन्हा केलाय? मला एकदा जगून बस झालंय."

"तसं नसतंय, महानंदा." सरांनी खुर्ची पुढं ओढली. मुद्दा सापडला की ते असेच पुढं सरकायचे. "ती तू नसतीस. ती वेगळीच असती. तिचा स्वभाव वेगळा, नशीब वेगळं. जुळ्यांचं सांगतो न्हाई का मी? आपण तिला शिकवलं असतं, तिच्यावर कुणी बोट —"

"वेगळीच असती?"

"वेगळीच."

"मग सुमनची कामून न्हाई आणलाव?"

मी उठून जायला हवं होतं, पण बसून राहिलो. सरांनी पुढं ओढलेली खुर्ची पुन्हा मागं घेतली. सगळ्या जगाला उत्तर देणारा माणूस. स्वामीजींना दिलं, डॉक्टरांना दिलं. जे लेकरू वेगळंच असणार होतं, त्याच्यासाठी मांडीवर आलेलं लेकरू परत पाठवलं होतं. इतका साधा हिशेब. तो त्यांना दिसला नव्हता आणि अक्कांनी तो एवढी वर्षं मनात धरून ठेवला होता. अक्का पुन्हा तूर पाखडायला लागल्या. थोड्या वेळानं सर म्हणाले, "माने, आता जावा तुमी." असं ते मला आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाले.

मला वाटलं आता हा विषय संपला. तसं झालं नाही. पंधरा-वीस दिवसांनी ओट्यावरून हाक आली, "माने, या जरा." क्लोनिंग चूक, असं ते शेवटपर्यंत म्हणाले नाहीत. आपल्या चुकीपायी एका खऱ्या गोष्टीला खोटं ठरवायचं, हे त्यांच्यात बसणारं नव्हतं. पण बोलण्यात एक भर पडली. "ज्याचं करायचं त्याला आधी इचारायचं. ह्यो पहिला नेम. हे माझ्या मांडणीत नव्हतं." आणि बायका आल्या की ते वेगळं सांगायला लागले. उमरग्याकडची एक जोडी आली होती, नवराही बरोबर होता, खाली मान घालून बसलेला. सरांनी आधी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "लाजू नको. माझ्यात बी न्हाई. माणूस त्यानं कमी होत न्हाई." मग दोघांना म्हणाले, "ते यायलंय, त्यासाठी मी भांडतो. भांडायचं माझ्याकडं द्या. तुमी थांबू नका. नात्यात, अनाथाश्रमात, जे लेकरू हात पुढं करंल ते उचला. ते बी उशिरा जन्मलेलं तुमचंच हाय." अक्का चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. त्या दिवशी मलाही न मागता दुसरा कप मिळाला.

त्यानंतर सरांना साखरेनं पोखरलं. मूत्रपिंडं गेली. आठवड्याला दोनदा कलबुर्गीला डायलिसिससाठी बसनं जायचं, संध्याकाळी पिळून निघालेलं अंग घेऊन परत यायचं. कधी मी सोबत जायचो. जाताना ते शेजारच्या सीटवरच्या माणसाला उसाचा मुद्दा सांगायचे, येताना खिडकीला डोकं टेकून झोपायचे. एकदा म्हणाले, "माने, मेंढी येऊन किती वर्षं झाली हो?" मी सांगितलं. "लई उशीर लावले," असं म्हणून त्यांनी डोळे मिटले. कुणी उशीर लावला, हे मी विचारलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात सर गेले. मंठाळला स्वतःच्या शेतात, लिंगायतांच्या रीतीनं त्यांना बसवून माती दिली. कपाळावर विभूती, हातात इष्टलिंग. गौरी खजुरीहून आली होती. ती आता नर्स आहे, दोन लेकरांची आई आहे. पंधरा दिवस तिनं मावशीला हलू दिलं नाही, मग तिची रजा संपली आणि ती गेली. जाणारच. तिचं घर तिकडं.

महिन्याभरानं सरांच्या चुलतभावाच्या नातवाचं बारसं झालं. भावकीनं आपसूक बाळाचं नाव शरणप्पा ठेवलं. ज्या घरानं कधी काळी त्यांना नावं ठेवली, त्याच घरातली सून आता बाळाला "अप्पा, झोपा की आता" म्हणायला लागली. बायका अक्कांच्या गळ्यात पडून म्हणाल्या, "रडू नको, सर आले बघ परत." अक्कांनी बाळाच्या हातावर चांदीचं कडं चढवलं आणि मला म्हणाल्या, "चला माने सर, लई दमायलंय."

बसवकल्याणला घरी आल्यावर त्यांनी कुलूप उघडलं आणि आत न जाता ओट्यावरच बसल्या. मी पाणी आणून दिलं. त्यांनी ते हातात धरून ठेवलं.

"एवढं बोलले ते, जल्मभर," अक्का म्हणाल्या. "माझं करायचं म्हणले. मी न्हाई म्हणले, ते खरंच म्हणले मी. पर त्यांचं सोताचं करायचं, असं कवा त्यांच्या तोंडातच आलं न्हाई हो. आपलं कुणाला नको असंल, असंच वाटायचं त्यांना."

समोरून एक बस गेली, तिचा धुरळा बसेपर्यंत त्या थांबल्या.

"एकदा इचारले असते ना माने सर, तर मी व्हय म्हणले असते. पोटात वागवले असते त्यांना."